उसना घोडा आणि राणीसाहेब

रोडिओची राणी प्रेक्षकांना दिसते ती जेमतेम पंधरा-वीस सेकंद. फाटक उघडतं, चौखूर उधळलेल्या घोड्यावरून एक चमचमती मुलगी रिंगणाला फेरी मारते, डाव्या हातात लगाम, उजवा हात वर, दात पांढरेशुभ्र, आणि गेली. तेवढ्यासाठी शुक्रवार दुपारपासून रविवार रात्रीपर्यंत जी हमाली चालते तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. आम्ही काढतो, कारण ती हमाली आमच्याकडे असते. ट्रेलरचं दार उघडणं-लावणं, पाण्याच्या बादल्या, काळ्या पिना, स्टार्चची इस्त्री ही खाती आमची. राणीसाहेबांकडे फक्त हसण्याचं खातं. ते सगळ्यांत अवघड, हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेच्या पश्चिमेला, ओरेगन, आयडाहो, मोंटाना, वायोमिंग या पट्ट्यात, उन्हाळा म्हणजे रोडिओ. वळूच्या नाहीतर उधळ्या घोड्याच्या पाठीवर आठ सेकंद टिकायचं, वासराला फास टाकून पाय बांधायचे, तीन पिंपांना वळसे घालत घोडा पळवायचा, असले खेळ. प्रत्येक रोडिओला, प्रत्येक कौंटीच्या जत्रेला आपापली राणी. ओरेगनमधल्या पेंडल्टनचा रोडिओ १९१० साली सुरू झाला तो राणीसकटच, आणि तिथली राणी व तिच्या सख्या आजही कुंपणावरून घोडे उडवत मैदानात येतात. वर राज्याराज्यांच्या मिस रोडिओ, आणि सगळ्यांच्या डोक्यावर मिस रोडिओ अमेरिका. तिची निवड डिसेंबरात लास वेगासला, राष्ट्रीय अंतिम फेरीच्या दिवसांत.

आता गंमत अशी, की राणीचा स्वतःचा रोडिओ वर्षातून एकदाच. बाकी उन्हाळा दुसऱ्यांच्या गावी हजेरी लावण्यात जातो. तिथे ती पाहुणी राणी. लग्नघरात करवलीचा जो दर्जा तोच हिचा: नटायचं नवरीइतकंच, पण नवरीच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, आणि पंगतीत वाढायला माणूस कमी पडलं की पदर खोचून उभं राहायचं.

गाव म्हणजे ओरेगनच्या ईशान्य कोपऱ्यातल्या जोसेफसारखं धरा. वस्ती हजार-बाराशे, मागे वॉलोवाचे डोंगर, आणि १९४६ पासून भरणारा जुलैअखेरचा चीफ जोसेफ डेज. एवढ्याशा गावात रोडिओच्या दिवसांत खोली मिळेल ही आशा सोडून द्यायची. राणीसाहेबांचा महाल म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या भागातली खोगीर ठेवायची खोली. खोगिराच्या खुंटीला आरसा, घोड्याच्या चाऱ्यावर मेकअपची पेटी, आणि पत्र्याच्या पलीकडे घोडा लाथा झाडतोय. अशा खोलीत खोट्या पापण्या सरळ रेषेत चिकटवून दाखवाव्यात, मग सौंदर्यस्पर्धेच्या गप्पा माराव्यात.

निघण्याआधी तिथल्या रोडिओच्या कमिटीला फोन. कार्यक्रम किती, मिरवणूक किती वाजता, झेंडा धरायचा का, आणि कुठल्या दिवशी कुठला रंग. एक दिवस बऱ्याच ठिकाणी गुलाबी असतो, स्तनाच्या कर्करोगासाठी निधी गोळा करतात. पिवळा मात्र कुठेच चालत नाही. रोडिओत पिवळं वस्त्र म्हणजे हातपाय मोडून घेण्याचं आमंत्रण. हळदीकुंकवात वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, पण वाद घालू नये. पन्नास डॉलरची नोटही त्यांना अशीच अपशकुनी वाटते. आपल्याकडे असल्यास खिशातच ठेवावी, कोणाला द्यायला जाऊ नये. निदान मी तरी असाच अर्थ लावतो.

स्वतःचा घोडा न्यायचा तर राज्याची सीमा ओलांडताना कागद लागतात. पशुवैद्याचा आरोग्य दाखला, बहुतेक ठिकाणी तीस दिवसांच्या आतला. कॉगिन्स चाचणीचा, म्हणजे घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीच्या रक्ततपासणीचा निकाल, बहुधा वर्षाच्या आतला. आणि पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांत डागणीच्या खुणेची तपासणी, म्हणजे घोडा तुमचाच आहे याचा पुरावा. डोक्यावरचा मुकुट हा पुरावा म्हणून चालत नाही. मग ट्रेलर: हूक, साखळ्या, दिवे, चाकांचे नट, हवा. भर उन्हात ट्रेलरचं टायर फुटतं ते हवा जास्त झाली म्हणून, असं गावोगावचे जाणकार सांगतात. बहुतेक वेळा उलट असतं. हवा कमी असली की टायरच्या भिंती लवत राहतात, तापतात आणि जातात. दर तीन-चार तासांनी थांबून घोड्याला पाणी दाखवायचं. दाखवायचं म्हणतो, कारण परगावचं पाणी तो हुंगतो आणि तोंड फिरवतो. दिवसाला वीस ते चाळीस लिटर पिणारं जनावर रुसून बसलं तर पोटदुखी ठरलेली. म्हणून घरचं पाणी पिंपात भरून न्यायचं, नाहीतर निघण्याच्या काही दिवस आधीपासून घरच्याच पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालून सवय लावायची. मग कुठल्याही गावचं पाणी, त्यात तोच रस घातला की, त्याला घरचंच वाटतं. राणीला स्वतःला दिवसभरात अर्धी बाटली पाणी मिळतं आणि सफरचंदाचा रस कोणी विचारत नाही.

आता टोपी. रोडिओत राणी घोड्यावरून पडली तर लोक उठून टाळ्या वाजवतात. टोपी पडली तर वर्षभर बोलतात. ही टोपी जाड नमद्याची, चार इंच कड, आणि पुढच्या बाजूला धातूचा मुकुट बसवलेला. मे अखेर ते सप्टेंबरचा पहिला सोमवार या काळात शहाणे काउबॉय गवताच्या टोप्या घालतात. राणीला बहुधा जुलैच्या उन्हातही नमदाच, कारण गवतावर मुकुट शोभत नाही म्हणे.

ती बसवायची रीत अशी. केस आदल्या रात्री धुवायचे. सकाळी धुतले तर ते निसरडे होतात आणि पिना धरत नाहीत. मग इंचभर जाडीच्या कर्लिंग रॉडवर एकेक बट गुंडाळायची, काढली की तशीच वेटोळी पिनेने टाचून ठेवायची आणि पूर्ण गार होऊ द्यायची. गरम असताना सोडली तर दुपारपर्यंत सरळ. गार झाल्या की बोटांनी मोकळ्या करायच्या, फणी लावायची नाही, वर हेअरस्प्रे, आणि पुरे वाटल्यावर आणखी तेवढाच. डोक्याच्या मागचे केस उलटे विंचरून फुगवायचे, कारण टोपीचा मागचा काठ त्या फुगवट्यावर टेकतो. टोपीच्या आतल्या चामडी पट्टीमागे फोमची चिकटपट्टी, दारा-खिडक्यांच्या फटी बुजवायला मिळते तीच. कपाळाच्या बाजूला दुहेरी चिकटपट्टी. दोन्ही कानशिलांपाशी पट्टीला दोऱ्याचे छोटे फास शिवलेले असतात, त्यांतून काळ्या पिना थेट केसांत. टोपी भुवयांच्या वर दोन बोटं आणि सपाट. जरा मागे कलली की वारा पुढच्या कडेखाली शिरतो आणि मग त्या पिनांनी तरी किती लढावं.

बिघडतं ते कपाळावर. सनस्क्रीन किंवा फाउंडेशन लागलेल्या कातडीला चिकटपट्टी धरत नाही, म्हणून तेवढा पट्टा आधी स्पिरिटने पुसून घ्यायचा. चाचणी एकच: खाली वाकून डोकं जोरजोरात हलवायचं. टोपी हलली तर पुन्हा पहिल्यापासून. डोकं दुखायला लागलं तर बरोबर बसली आहे. आणि काढल्यावर ती पलंगावर टाकायची नाही. हाही अपशकुन, पिवळ्याच्या खालोखाल.

जीन्सला कडक स्टार्च, इतका की ती भिंतीला टेकून उभी राहावी. लांबीला नेहमीपेक्षा तीन-चार इंच जास्त, कारण खोगिरावर मांड टाकली की कापड वर सरकतं आणि बुटाचा दांडा उघडा पडतो. जमिनीवर मात्र तीच जीन्स टाचेखाली येते. राणी गर्दीतून सावकाश, तोऱ्यात चालताना दिसते ना? तो तोरा जीन्सचा आहे.

इतकं करून घोडं पेंड खातं ते घोड्यापाशीच. लांबच्या गावी बऱ्याचदा स्वतःचा घोडा नेणं परवडत नाही; डिझेलचा खर्च बहुतेक वेळा राणीच्याच घरचा. मग कमिटी सांगते, आमच्याकडे घोडा आहे. या वाक्यावर विश्वास ठेवावा, पण त्याला पुढचे प्रश्न जोडावेत. मानेवर लगाम टेकवला की वळतो, का तोंडाला ओढ लागते? खोगिराचा तंग आवळताना चावतो का? टाचेची आरी सोसतो का? झेंडा पाहिलाय का? शेवटच्या प्रश्नाला "पाहिला असेल की" असं उत्तर आलं तर पाहिलेला नाही.

उसन्या घोड्याला त्याचा मूळ धंदा असतो आणि तो धंदा तो विसरत नाही. पिंपांच्या शर्यतीतला घोडा रिकाम्या रिंगणातही, जिथे पहिलं पिंप असायचं तिथे आल्यावर अचानक वळतो. राणी सरळ जाते, घोडा वळतो. वासरांना फास टाकणाऱ्याचा घोडा शिकलेला असतो की स्वार उतरायला झुकला की चारही पाय रोवून थांबायचं. राणीने एखाद्या पोराला हात करायला बाजूला झुकावं आणि घोड्याने मागच्या पायांवर बसकण मारावी, हा प्रसंग कोणाही प्रामाणिक घोड्याकडून घडेल. त्यातून तो फासाच्या खेळातल्या आपल्या नेहमीच्या खणाजवळून चालला असेल तर मागे मागे सरकत त्या खणात जाऊन उभा राहतो आणि वासराची वाट बघू लागतो. सगळ्यांत गरीब दिसणारा असतो तो जनावरांच्या ठेकेदाराच्या मदतनीसांचा घोडा. हे मदतनीस उधळलेल्या घोड्याच्या बरोबरीने दौडत जाऊन स्वाराला उचलून घेतात. म्हणजे बाकीचे घोडे ज्या गोंधळापासून पळतात, हा त्याच्या दिशेने धावतो. खटक्यावरचं फाटक वाजलं की निघालाच.

म्हणून प्रेक्षक यायच्या निदान दोन तास आधी रिंगणात जायचं. रिकिबीचे पट्टे आपल्या मापाला आणायचे. तंग आवळायचा, घोडा दहा पावलं चालवायचा आणि पुन्हा आवळायचा, कारण पहिल्या वेळी लबाडाने पोट फुगवलेलं असतं. आधी चाल, मग दुडकी, मग दौड, दोन्ही बाजूंनी. मग एकाने जमिनीवर उभं राहून झेंडा गुंडाळलेला दाखवायचा, हुंगू द्यायचा, हळूहळू उलगडायचा. जीन्सवरून चढवायच्या चमकीच्या, झालरींच्या पायघोळ चामड्याच्या चॅप्सही त्याला आधीच दाखवायच्या. रोज मळक्या जीन्सचा स्वार वाहणाऱ्या जनावराला बरगडीपाशी लखलखाट सहन होईलच असं नाही.

आणि त्याचं नाव विचारून घ्यायचं. पोरं स्वाक्षरी घ्यायला येतात तेव्हा राणीचं नाव विचारत नाहीत, घोड्याचं विचारतात. मालकाने ठेवलेलं नाव पुष्कळदा चारचौघांत उच्चारण्याजोगं नसतं, तेव्हा दुसरं एखादं सभ्य नाव मालकाच्या संमतीने ठरवून टाकावं आणि सगळ्यांनी तेच सांगावं. एका पोराला "रस्टी" आणि दुसऱ्याला "बडी" सांगितलं तर ती दोन्ही पोरं कोपऱ्यात भेटतातच.

झेंड्याचं शास्त्र वेगळं. उजव्या रिकिबीला बाहेरून एक चामड्याचं टोपण लावलेलं असतं, त्यात काठीचं टोक टेकवायचं. तीन फूट बाय पाच फुटांचा झेंडा उभ्या घोड्यावर काहीच वाटत नाही. चौखूर दौडीत तोच शीड होतो. भार खांद्यावर येतो, पाऊल सैल असेल तर रिकीब निसटते, आणि वळणावर वारा समोरून आला की कापड थेट राणीच्या तोंडावर. तेव्हा टोपी काढून नेण्याचं काम झेंडाच करतो. कुठल्या बाजूने फेरी मारायची, वारा कुठून आहे, हे आधी बघायला हवं ते यासाठी. पाहुण्या राणीला बहुधा प्रायोजकाचा झेंडा मिळतो. ट्रकविक्रेता, विमा एजंट, पशुखाद्याचं दुकान, कधीकधी गावातली अंत्यविधीची कंपनी. शेवटच्या झेंड्यासह फेरी मारतानाही हसू तेवढंच रुंद ठेवायचं असतं. निवेदकाला आपलं नाव आणि किताब मोठ्या अक्षरांत, जसा उच्चारायचा तसा लिहून द्यायचा, तीन ओळींच्या आत. चौथी ओळ तो वाचत नाही, स्वतःचा विनोद सांगतो.

शनिवारी सकाळी सातला पॅनकेक वाढायचे, पांढऱ्या बाह्या सांभाळत. मग मिरवणूक. डांबरावर लोखंडी नाल घसरतात, म्हणून नालबंदाकडून नालांवर खरखरीत कठीण धातूचे ठिपके लावून घेतलेले बरे. मिरवणुकीत आपली जागा अग्निशामक बंबाच्या पुढे नको, बँडच्या मागे नको. घोड्यांच्या मागे फावडं-घमेलं घेतलेले स्वयंसेवक असतात, आणि त्यांना राणीपेक्षा जास्त टाळ्या मिळतात. माझ्या मते त्या योग्यच आहेत.

खरी कसोटी संध्याकाळी. खेळ झाला की रिंगणातली जनावरं बाहेर काढायची असतात आणि हे काम राण्यांकडे येतं. शिंगांना पट्टे गुंडाळलेला गोऱ्हा दोर ओढत भलत्याच दिशेला निघालेला असतो. त्याच्या मागे धावायचं नाही. गोऱ्ह्याचा खांदा ही सीमा धरायची: घोडा खांद्याच्या मागे आणला की तो पुढे चालतो, पुढे नेला की वळतो. अंतर राखून, पुठ्ठ्याच्या बाजूने, चालीने ढकलत न्यायचा. लोंबत्या दोरावरून घोडा कधीही न्यायचा नाही. तो दोर घोड्याच्या शेपटीखाली गेला तर पुढची फेरी कोणत्याही निवेदकाला वर्णन करता येत नाही. वासरांच्या खेळात आणखी एक पथ्य. पाय बांधून स्वार घोड्यावर परत बसला आणि दोर सैल केला की सहा सेकंद मोजतात. तेवढ्यात वासरू सुटलं तर वेळ मिळत नाही. त्या सहा सेकंदांत राणीने चमचमत पाऊल टाकलं आणि वासरू बिथरलं, तर त्या काउबॉयच्या बक्षिसाचे पैसे राणीच्या नावे बोलले जातात. पंच बांधणी मंजूर करेपर्यंत फाटकातच थांबायचं. वळू बाहेर काढायची वेळ आली की मात्र कौतुक बाजूला ठेवून निघायचं. ते काम मदतनीसांचं.

मला विचाराल तर राणी ओळखावी ती इथे. फेरी कोणीही मारेल. पण चमकीचे कपडे, टाचलेली टोपी आणि परका घोडा अशा थाटात अडेलतट्टू गोऱ्ह्याला दोन वळणांत फाटकाबाहेर काढणारी मुलगी दिसली की खाटांवर बसल्यासारखे कुंपणावर बसलेले म्हातारे काउबॉय टोपीच्या कडेला बोट लावतात. शनिवारी सकाळी प्रेक्षकांशिवाय उरलेल्या स्पर्धकांच्या फेऱ्या होतात, तिथेही जी जनावरं ढकलायला येते तिला कमिटी पुढच्या वर्षी आपणहून बोलावते. बाकी सगळी खोगीरभरती.

याला थोडा इतिहासही आहे. एके काळी बायका उधळ्या घोड्यांवर बसत. मोंटानातल्या रेड लॉजच्या ग्रीनो बहिणी त्यात नावाजलेल्या. १९२९ साली पेंडल्टनला बॉनी मॅकॅरोल घोड्यावरून पडून जखमी झाली, पुढे दगावली, आणि तिथली बायकांची ती स्पर्धा बंद झाली. हळूहळू इतरत्रही तेच, आणि बाईसाठी रिंगणात मुख्यतः मुकुट उरला. १९४८ साली टेक्सासमधल्या सॅन अँजेलोत ३८ जणींनी स्वतःची संघटना काढली तेव्हा पिंपांच्या शर्यतीला मानाची जागा मिळायला सुरुवात झाली. त्यामुळे राणीला "फक्त शोभेची" म्हणणाऱ्याला मी आधी गोऱ्हा ढकलायला लावीन.

रेडिओवाला किंवा गावच्या साप्ताहिकाचा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो: घोड्याच्या कमरेला तो पट्टा कशाला, दुखत नाही का? राणीला उत्तर पाठ हवं. पट्टा पोटाच्या मागच्या भागाभोवती असतो, लोक समजतात त्या नाजूक जागी नव्हे. घोड्यांसाठी आतून मेंढीच्या कातड्याचं किंवा फोमचं अस्तर असतं, आणि ओढताच सुटणारी कडी असते. पट्ट्याने जनावर जास्त उंच लाथा झाडतं, पण उधळण्याचा स्वभाव त्याचा आधीचाच. हे सांगताना आवाज चढवायचा नाही, कारण विचारणाऱ्याचा प्रश्न रास्त आहे.

रविवारी सकाळी काउबॉय चर्च, दुपारी शेवटचा खेळ. एव्हाना चिकटपट्टी घामाने सुटलेली, स्वाक्षरीचा मार्कर उन्हात सुकलेला, आणि हसताना ओठ दातांना चिकटू नये म्हणून दातांवर लावलेल्या व्हॅसलीनवर रिंगणातली धूळ बसलेली. दात पुसायला रुमाल आमच्याच खिशात.

खेळ संपला की घोडा मालकाला परत. नियम असा, की नेला त्याहून स्वच्छ द्यायचा: घाम धुतलेला, खूर साफ केलेले, सोबत गाजरांची पिशवी आणि हाताने लिहिलेलं आभाराचं पत्र. सगळं निघतं, चमकी निघत नाही. मिरवणुकीसाठी घोड्याच्या पुठ्ठ्यावर साच्याने काढलेल्या चांदण्या केसांच्या मुळाशी बसतात आणि साबणाला दाद देत नाहीत. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी तो भला माणूस त्याच घोड्यावरून गोऱ्ह्याला फास टाकायला खणात उभा राहतो, मान डोलावून जनावर सोडायला सांगतो, आणि घोडा वळून सुटतो तेव्हा अख्ख्या स्टँडला पुठ्ठ्यावरच्या गुलाबी चांदण्या दिसतात.